कार्डावरची तिसरी ओळ

माझगाव, मुंबई
१७ नोव्हेंबर २००२

ती. मामांच्या पायाशी रेणूचा नमस्कार.

लग्नानंतर मी निघाले तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "समुद्र कसा राह्यते ते मले लिहून पाठवजो, टीव्हीवरचा खरा नाई वाटत." पाच महिने झाले, आज लिहायला बसले. उशिराबद्दल रागावू नका.

अनुपला फक्त रविवारी सुट्टी. गोदीजवळच्या एका गोदामात मालाची कागदपत्रं करतात ते. त्यांनी नेमच केला आहे, एका रविवारी पाण्याकाठची एक जुनी जागा. म्हणतात, इथे राहून मुंबई पाहिली नाही असं नको. पहिल्या रविवारी म्हणाले, "चल, अपोलो बंदर पाहू." मी म्हटलं, बंदर पाहायला इतक्या दूर कायले जायचं, आमच्या नागझिऱ्याच्या रस्त्यावर झाडाझाडाला बंदर आहेत. ते रस्त्यात उभे राहून हसले. इकडे बंदर म्हणजे माकड नव्हे मामा, जहाजं लागतात ती जागा.

तिथे ती मोठी दगडी कमान आहे, पुस्तकात असते ती. कमानीपेक्षा मला तिच्यामागच्या पायऱ्या जास्त आवडल्या. पाण्यात उतरत गेलेल्या, खालच्या शेवाळलेल्या. किती लोक त्यांच्यावरून आले आणि गेले असतील, असं वाटत राहिलं.

आमच्या घराजवळ एक टेकडी आहे, तिला भंडारवाडा म्हणतात. नाव ऐकून मी खुळ्यासारखी खूश झाले, वाटलं आपल्या भंडाऱ्याचे लोक असतील. तसं काही नाही. पूर्वी तिच्यावर किल्ला होता, आता बाग आहे. तिथून सगळी गोदी दिसते, क्रेना, गोदामांचे पत्रे आणि त्यांच्या पलीकडे राखाडी पाणी.

समुद्र निळा नाही मामा, इथे तरी नाही. आणि तो रोज दोनदा मागे जातो. आपल्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात उतरतं ते आपण दोन महिने पाहतो. इथे दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत तेवढं उतरतं, खाली चिखल उघडा पडतो, आणि रात्री ते सगळं भरून येतं. मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली, आता सोबत वाटते.

मामींना नमस्कार. आई साकोलीहून आली तर तिलाही हे वाचून दाखवा.

तुमची,
रेणू


सानगडी, ता. साकोली
२८ नोव्हेंबर २००२

॥ श्री ॥

चि. रेणूस चंद्रभानचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा मनात, एकदा तुझ्या मामीसाठी आणि एकदा गोमाजीसाठी. गोमाजी आता सत्तरीला आला, तरी माझ्या शेजारच्या मागावर बसतोच. बंदराची गोष्ट ऐकून म्हणाला, "पोरगी खरं बोलली. ज्या गावात बंदराले जहाज लागते, त्या गावात माणसाले काय लागत असन कोणास ठाऊक." दिवसभर तेच बोलून हसत होता.

इकडे धान कापून झालं. गावात आता चारच माग चालू आहेत. मी सकाळी महादेवाला पाणी घालतो आणि मागावर बसतो, संध्याकाळी उठतो. माझ्याजवळ लिहिण्यासारखं काही घडत नाही, म्हणून तुझ्या पत्राची वाट पाहतो.

पाणी रोज मागे जातं आणि रोज परत येतं, एवढं मी चौथ्यांदा वाचलं. रोज परत येणारी वस्तू माणसाच्या डोळ्यांसमोर असावी, हे चांगलं.

एक गोष्ट लिहितो. तुझ्या आईने तुला कवडूमामाबद्दल नेहमीच सांगितलं आहे. भाऊबीजेला ती त्याच्या नावाचा पाट मांडते, हे तू लहानपणापासून पाहिलंस. तो मुंबईला गेला, एवढं आम्हाला माहीत आहे. तुझ्या आईने तुला त्याचा शोध घ्यायला सांगितलं असेल, तर घेऊ नको. चोवीस वर्षं होत आली. ज्याला आपलं तोंड पाहायचं नाही, त्याला आपण शोधू नये. हे माझं म्हणणं तुझ्या आईला कळवायची गरज नाही.

समुद्राबद्दल पुन्हा लिही. जुन्या जागांबद्दल अजून सविस्तर लिही. अनुपरावांना आशीर्वाद.

तुझा मामा,
चंद्रभान


माझगाव, मुंबई
१५ डिसेंबर २००२

ती. मामांस नमस्कार.

आईने शोधायला सांगितलेलं नाही. मी निघताना ती एवढंच म्हणाली होती की गर्दीत वावरताना लोकांच्या तोंडाकडे पाहत जा. मी पाहते. इथे तोंडं फार आहेत.

आता जागांबद्दल. मागच्या रविवारी ससून गोदी पाहिली. सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे, आत शिरताना मोठा दरवाजा लागतो. आधी तिथे कापसाच्या गाठी चढत-उतरत, आता मासळी उतरते. आपल्याकडचाच कापूस असेल कदाचित. बाया ओळीने बसून कोळंबी सोलत होत्या. त्यांची बोटं गोमाजीबाबांच्या बोटांसारखी चालतात, डोळे भलतीकडे आणि हात कामावर.

आज मात्र घरापासून पायी गेलो. सकाळी अनुप म्हणाले, "चल, भाऊच्या धक्क्यावर जाऊ." मी विचारलं, कोणाच्या भावाने कोणाला धक्का दिला? पुन्हा त्यांचं हसणं. इकडे धक्का म्हणजे बोट लागायला पाण्याकाठी बांधलेला दगडी ओटा, ज्यावरून माणसं चढतात-उतरतात. पूर्वी लोकांना कमरेएवढ्या चिखलातून बोटीपर्यंत जावं लागायचं. ते पाहून भाऊ नावाच्या एका गृहस्थाने दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी धक्का बांधला, असं सांगतात. तेव्हापासून त्याचं नाव भाऊचा धक्का. तिकीट देणारा म्हणाला की मूळचा धक्का दुसरीकडे होता, हा नंतरचा, पण नाव लोकांनी सोडलं नाही. टॅक्सीवाल्यापासून भिकाऱ्यापर्यंत कोणालाही विचारा, बोट दाखवतात.

तिथून मोऱ्याला आणि रेवसला लाँच जातात. पूर्वी कोकणातल्या बोटीही इथूनच सुटायच्या. एका बाजूला लाँचची माणसं, दुसऱ्या बाजूला मासेमारीच्या होड्या, टोपल्या, बर्फ, ओरडा. बाजूला म्हातारी माणसं जाळी पसरून तुटलेल्या जागा सांधत बसतात. मी त्यांच्याजवळ फार वेळ उभी राहिले. मागावरचा तुटलेला धागा तुम्ही जोडता, तीच गाठ मामा. अगदी तीच.

मामींना सांगा, वास इतका होता की घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली.

तुमची,
रेणू


माझगाव, मुंबई
५ जानेवारी २००३

ती. मामांस नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. पत्र मिळालं की नाही कळेना, म्हणून आईला दुकानातल्या फोनवर विचारलं. ती म्हणाली, पत्र पोचलं, मामींनी स्वतः तुमच्या हातात दिलं. तेव्हापासून तुम्ही मागावर बसला नाही आणि जेवणावर तुमचं लक्ष नाही. देवळात जाता आणि तिथेच बसून राहता.

मला वाटतं माझं चुकलं. तुम्ही कित्येक वर्षांपासून मासे सोडले आहेत, आणि मी टोपल्यांचं आणि वासाचं लिहीत बसले. तुमच्या पूजेच्या जागी ते पत्र आलं असेल. मला लहान समजून सोडून द्या. दोन ओळी लिहा.

रेणू


सानगडी
१२ जानेवारी २००३

॥ श्री ॥

चि. रेणूस आशीर्वाद.

तुझं काही चुकलं नाही बाई. मासे मी महादेवासाठी सोडले नव्हते. का सोडले ते आता लिहितो. हे आजवर कोणाला सांगितलं नाही, तुझ्या मामीलाही नाही.

आईची कवडूच्या आधीची दोन लेकरं गेली. म्हणून कवडू झाला तेव्हा त्याला सुईणीला देऊन टाकला आणि एका कवडीला परत विकत घेतला. त्यावरून त्याचं नाव. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. घरात सगळे मला भाऊ म्हणत, तुझी आई अजून म्हणते, तसा तोही म्हणे. हात माझ्यापेक्षा हलका. तुटलेला धागा तो न पाहता जोडायचा. पण मन मागावर नव्हतं. विड्या ओढायचा, तलावावर गळ टाकून बसायचा.

१९७९ साली महाशिवरात्रीला चार दिवस उरले होते. महादेवाचं धोतर दरवर्षी आपल्या घरून जातं. मी सोवळ्याने विणत होतो. मी जेवायला उठलो आणि कवडू विडी पेटवून मागाजवळ बसला. ठिणगी पडली, रुपयाएवढं भोक जळलं. मी परत येऊन पाहिलं. तो म्हणाला, "भाऊ, चुकी झाली." मी दोन्ही हातांनी त्याला ढकललं. तो मागाच्या खांबावर पडला. डाव्या भुवईवर खोक पडली, उरलेलं धोतर रक्ताने भिजलं. आईला मी सांगितलं, पाय घसरून पडला. त्यानेही मान हलवली. तिसऱ्या दिवशी तो घरात नव्हता.

पावसाळ्यात त्याचं कार्ड आलं. आईला वाचता येत नव्हतं, तुझी आई तेव्हा साकोलीला नांदत होती. कार्ड मीच वाचलं. त्यात एवढंच होतं, पूर्णविराम-स्वल्पविराम काही नाही:

आईले नमस्कार मी ममईले पोचलो
काम भेटलं जेवन भेटते काळजी करू नोको
कोणी विचारलं तं सांगजो भाऊचा धक्का विसरू नोको
तुझा कवडू

पहिल्या दोन ओळी मी आईला वाचून दाखवल्या. तिसरी वाचली नाही.

आता तुला कळलं असेल. मी त्या ओळीचा अर्थ असा लावला, की पोरगा घर सोडून काहून गेला असं कोणी विचारलं तर आईने सांगावं, भावाने धक्का दिला म्हणून गेला, आणि हे तिने कधी विसरू नये. मी त्याला ढकललं होतं ना. मला दुसरा अर्थ दिसलाच नाही.

आई सहा वर्षं जगली. पोस्टमन दिसला की मला म्हणायची, "कवडूनं पत्ता नाई लिवला काय रे? पाह्य ना एकदा नीट." मी म्हणायचो, नाही लिहिला. मला तेच खरं वाटत होतं. कार्ड माझ्या ट्रंकेत होतं.

त्याच्या गळाला लागलेले मासे आमच्या घरात शिजायचे. तो गेल्यावर मला ते गिळेनात. लोक म्हणाले, चंद्रभान देवभोळा झाला. मी त्यांना तसं समजू दिलं.

तुझ्या पत्रातली भाऊच्या धक्क्याची ओळ वाचली आणि ट्रंकेतून कार्ड काढून पाहिलं. ते गाऱ्हाणं नव्हतं. तो पत्ता होता.

आता मीच तुला सांगतो, शोध. तो आहे का, नसेल तर केव्हापर्यंत होता, आणि माझ्याबद्दल काय मनात ठेवून होता. हे तिसरं मला सगळ्यांत आधी कळायला हवं. वाईट असेल तरी जसं असेल तसंच लिही. आता त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांचा असेल. डाव्या भुवईवर खूण. तुझ्या आईला इतक्यात काही सांगू नको. ते सांगायचं बळ अजून माझ्यात नाही.

चंद्रभान


माझगाव, मुंबई
९ फेब्रुवारी २००३

ती. मामांस नमस्कार.

जसं आहे तसंच लिहा म्हणाला होता. कवडूमामा आता नाहीत. ते आधीच लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना आशा लावून बसणार नाही. हे पत्र मामींना जवळ बसवून वाचा.

तीन रविवार आम्ही धक्क्यावर गेलो. पहिल्या दोन वेळा काही हाती आलं नाही. कवडू नावाचा, साकोलीकडचा, जातीने कोष्टी, असं विचारत फिरलो. लाँचवाले, हमाल, तिकिटवाले, कोणाला काही माहीत नाही. एक जण म्हणाला, "बाई, इथं माणूस नावानं नाय, कामानं ओळखतात."

आज जाळी सांधणाऱ्यांजवळ बसले. म्हटलं, माझा मामा भंडाऱ्याचा. एक म्हातारा म्हणाला, "भंडारी तर निम्मं कोकण आहे." इकडे भंडारी नावाची जात आहे, मामा. मी म्हटलं, जात नाही, गाव. भंडारा गाव, नागपूरच्या पुढे. तेव्हा त्याने हातातलं जाळं खाली ठेवलं. म्हणाला, "म्हंजे तो आमचा भंडारी? कपालावर, भुवईपाशी वन होता तो? तो भंडारी नव्हताच?" कवडूमामांनी आल्या दिवशी सांगितलं असणार, मी भंडाऱ्याचा. इथल्यांनी ते भंडारी ऐकलं, आणि कवडूमामांनी पुढे कधी दुरुस्त केलं नाही.

त्याने मला जनाबाईकडे नेलं. सत्तरीच्या असतील. त्यांचे मालक होडीचे तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी होते, आता नाहीत. त्या अजून टोपली घेऊन बसतात. मला म्हणाल्या, "तुजा कोन तो?" मी सांगितलं, आईचा भाऊ. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "डोले त्याचेच. बस."

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच बोलण्यात लिहिते, मला जमेल तसं.

"उपाशी होता. माज्या मालकानं टोपल्या उचलायला ठेवला. एक दिवस जालं फाटलेलं पडलं होतं. हा बसला आनि सांधून मोकला. आमची गाठ त्याला कोनी शिकवली नाय गो, घेऊनच आला. मग त्याला टोपली उचलू दिली नाय कोनी. बारा वर्सं आमच्या दारात राहिला, माज्या हातचं जेवला."

मी खुणेबद्दल विचारलं. "इचारलं होतं मी. बोलला, देवाचं कापड जाललं मी, मागावर आपटलो. चूक माजी. भाऊचं नाव कदी वाईट घेतलं नाय त्यानं."

हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं मामा, तुमच्यासाठी.

मग त्या म्हणाल्या, "भाऊ येनार, आईला घेऊन येनार, असं म्हनायचा. आईला समुद्र दाखवनार. कार्डावर पत्ता धाडलाय, बोलायचा. लाँच लागली का उठून बघायचा. मी म्हनायची, अरे मेल्या, तुजा भाऊ आगगाडीनं येईल, लाँचीतून कसा उतरेल? हसायचा. पन बघायचा. पाच-सहा वर्सं बघितलं. मग बघायचा बंद झाला. मी म्हटलं, दुसरं कार्ड लिही, टपालात हरवतात कार्डं. तो बोलला, हरवलं नसेल. देवाच्या कामातला राग आहे, लवकर उतरत नाय. उतरला का भाऊ येईल."

१९९१ च्या पावसाळ्यात, होड्या बंद असताना, कावीळ झाली. आठ दिवसांत गेले. जनाबाईंच्या मालकांनी अग्नी दिला आणि इथेच पाण्यात राख सोडली. लग्न केलं नव्हतं.

एक राहिलं. मी उठताना जनाबाईंनी विचारलं, "कार्ड पोचलंच नाय ना गो तुमच्याकडं? मी त्याला तेच सांगत होती." मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच कळलं नाही. त्यांनी ते "नाही पोचलं" असं धरलं आणि त्यांना फार बरं वाटलं. टोपलीवरचे हात कपाळाला लावून म्हणाल्या, "बघ, मी बोलत होती." मी तशीच निघून आले. बरोबर केलं की चूक, सांगता येत नाही.

रेणू


सानगडी
२३ फेब्रुवारी २००३

॥ श्री ॥

चि. रेणूस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. तू लपवलं नाहीस, याबद्दल तुझे उपकार मानतो. वयाने लहान असलीस तरी मानतो.

चोवीस वर्षं मला वाटत होतं, कवडूने मला दोषी धरलं आहे. त्या दोषाशी माझी एक प्रकारची सवय झाली होती. सकाळी उठावं, देवासमोर तो ठेवावा, संध्याकाळी परत उचलावा. आता कळतं की त्याने दोष ठेवलाच नव्हता. तो वाट पाहत होता. दोष वाहता येतो. ही वाट कशी वाहायची, ते मला अजून कळत नाही. महादेवासमोर बसलो, पण तिथे काही मागावंसं वाटलं नाही.

परवा कार्ड आणि तुझी सगळी पत्रं घेऊन साकोलीला गेलो. तुझी आई तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "रत्ना, कवडूचं कार्ड आणलं." ती म्हणाली, "कोणतं कार्ड? ते तं आईच्या वेळी तू वाचलं होतं." मी पुढे केलं. तिने हातात घेतलं नाही. म्हणाली, "मले काहून देतं? आईले वाचून दाखवलं तसं वाच."

मी पहिल्या दोन ओळी वाचल्या. मग तिसरी वाचली. मग मी केलेलं सगळं सांगितलं. धक्का, रक्त, कार्ड, ट्रंक आणि तुझी पत्रं. ती तांदळात हात घालून बसून होती. कवडू गेल्याचं सांगितलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. मग बोलली ते तुला जसंच्या तसं लिहितो, कारण मला ते दुसऱ्या शब्दांत लिहिण्याचा अधिकार नाही.

"आईले वाचता येत नोहतं भाऊ. पण तिले विचारता येत होतं. तू ते ओळ वाचली असती तं आईनं पहिलंच विचारलं असतं, कोणाचा धक्का, कुठं आहे तो? चार जणाले विचारलं असतं. मास्तरले विचारलं असतं, पोस्टमनले विचारलं असतं, रस्त्यानं चाललेल्या ट्रकवाल्याले विचारलं असतं. तू शिकला, म्हणून तुले विचाराची गरज नाई पडली."

मग म्हणाली, "महादेवाले चोवीस धोतरं नेसवली. भावाले एक कार्ड नाई लिहिलं."

मला वाटलं आता ती मला जा म्हणेल. तिने चहा मांडला. चहा पिताना तुझं पत्र मागून घेतलं, चष्मा लावून स्वतः वाचलं, जनाबाईचा शेवटचा भाग दोनदा वाचला. मी म्हटलं, मुंबईला जाऊन पाण्याशी कवडूचं तर्पण करावं म्हणतो, तू येशील का? ती म्हणाली, "येईन. पण तर्पण मंग. आधी त्या बाईले सांगजो, कार्ड पोचलं होतं म्हणून."

मी म्हटलं, "रत्ना, ती म्हातारी बाई. कार्ड हरवलं या समजुतीत तिला समाधान आहे. आता ते कशाला हलवायचं?" खरं सांगतो रेणू, मी तेव्हा तिच्या समाधानाचा विचार करत नव्हतो. माझाच करत होतो.

तुझ्या आईने ते ओळखलं. म्हणाली, "तिनं त्याले बारा वर्सं जेवू घातलं. तिच्या घरी जाऊन तू खोटं पाणी पिशीन? कवडू तिले म्हणे, हरवलं नसन. त्याचं खरं होतं. मेल्यावर त्याले खोटं पाडतं काय?"

आधी जनाबाईला सांगेन, असं कबूल करून मी उठलो.

शुक्रवारी नागपूरहून रात्रीच्या गाडीने निघतो, शनिवारी सकाळी पोचतो. शनिवारी महाशिवरात्र आहे. धोतर विणून झालं आहे, यंदा गोमाजी नेऊन देईल. त्याला एवढंच सांगितलं की भावाकडे जातो. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मागावर वाकला. वाकूनच म्हणाला, "जा. इथलं मी पाह्यतो."

तुझी आई म्हणते, तू आम्हाला जनाबाईपर्यंत ने आणि बाजूला हो, बोलू नको. त्या काय म्हणतील ते म्हणू दे. रागावल्या तर रागावू दे, उठून जा म्हणाल्या तर आम्ही उठू. स्टेशनवर यायला अनुपरावांना सुट्टी मिळत नसेल तर येऊ नये. पत्ता आम्हाला माहीत आहे.

तोवर तू त्यांच्याकडे जाऊन आधीच काही सांगू नको, माझी बाजू तर मुळीच मांडू नको. कार्ड पोचलं होतं, हे त्यांना माझ्याच तोंडून ऐकू दे.

चंद्रभान